दुसरं रक्त

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. घरातल्या मंडळींना कारण माहीतच आहे. गेल्या महिन्यात मोठ्या काकू आजारी पडल्या आणि आठवडाभर आम्ही सगळे बिडकीन ते दवाखाना, दवाखाना ते बिडकीन अशा चकरा मारत होतो. आता काकू बऱ्या आहेत, त्यामुळे लिहायला हरकत नाही. पण आजचा विषय काकूंचं आजारपण नाही. त्या रात्री कॅज्युअल्टीत दादा एक वाक्य बोलला, ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय. त्या वाक्यामागे तीसेक वर्षांची गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीमागे आणखी शंभर वर्षांची.

झालं असं की काकू (वय ७६, साखरेचा त्रास जुनाच) दोन दिवस नीट जेवत नव्हत्या. ताप नव्हता, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या असंबद्ध बोलायला लागल्या. दादालाच विचारत होत्या, "तू कोणाचा रे?" हातपाय गार पडले. गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि म्हणाले, "इथे वेळ घालवू नका, शहरात न्या." पैठण रोडने गाडी हाकत आम्ही तासाभरात पोचलो.

कॅज्युअल्टीतली डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, आमच्या पुतणीच्या वयाची. तिने सलाईन लावली, ऑक्सिजन लावला आणि रक्त घ्यायला बसली. एका हातातून चांगलं दोन बाटल्या भरून रक्त घेतलं. आणि मग दुसऱ्या हाताला स्पिरिट लावायला लागली.

दादा म्हणाला, "मॅडम, आत्ताच घेतलं ना? परत दुसरं कशाला?"

"काका, एका ठिकाणच्या रक्तावर भरवसा ठेवता येत नाही," ती हात न थांबवता म्हणाली. "जंतू कातडीवरचा आला की खरंच रक्तात होता, ते दुसरं घेतल्याशिवाय कळत नाही."

दादा गप्प झाला. मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, म्हणाला, "माझं पण घ्यायला पाहिजे होतं दुसरं."

तिला काही समजलं नाही. मला समजलं.

*

१९९४ सालचा सप्टेंबर महिना. आज ज्यांचं वय चाळिशीच्या पुढे आहे त्यांना आठवत असेल. आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झालेला. मराठवाड्यात लोक अजून रात्री घरात झोपायला घाबरत होते. आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला नावाच्या गावातून बातमी आली. आधी पिसवांचा सुळसुळाट, मग जांघेत आणि काखेत गाठी येऊन माणसं तापाने फणफणायला लागली. गाठीचा ताप. प्लेग! आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द एकदम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. भारतात प्रयोगशाळेत सिद्ध झालेला माणसातला शेवटचा प्लेग १९६६ सालचा, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं देश ह्या रोगाला विसरलेला.

बीड म्हणजे आम्हाला काही लांब नाही. पैठणच्या खाली गोदावरी ओलांडली की पलीकडे बीड जिल्हा. तरी गावात फार घबराट नव्हती. घबराट सुरू झाली ती गणपती विसर्जनानंतर, सुरतेची बातमी आल्यावर. तिथे गाठीचा नाही, फुफ्फुसाचा प्लेग म्हणत होते, म्हणजे खोकल्यातून पसरणारा. लाखो लोक सुरत सोडून पळाले. त्यांच्यात आमचा दादाही होता. तो तिथे लूमवर कामाला होता. कधी ट्रकमध्ये, कधी एसटीत उभा राहून, दीड दिवसाने घरी पोचला तेव्हा त्याच्या अंगात ताप होता आणि खोकलाही होता.

मी तेव्हा बारा वर्षांचा. मला आठवतं ते ओसरीचं रिकामपण. आमच्या ओसरीवर सकाळ-संध्याकाळ चार माणसं बसलेली असायची. त्या आठवड्यात एकही माणूस आला नाही. मोठे काका शहरात जाऊन टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल घेऊन आले. गावातल्या मेडिकलवाल्याकडच्या कधीच संपल्या होत्या. त्या कॅप्सूल आम्हा सगळ्या पोरांनाही दिल्या, आणि वर दुधाबरोबर दिल्या! टेट्रासायक्लिन लहान मुलांना शक्यतो देत नाहीत आणि दुधाबरोबर तर घेऊच नये, हे पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही. असो. काळजीपोटी माणसं काय काय करतात.

दादाला एका दवाखान्यात नेलं. त्याचं एकदा रक्त घेतलं, कॅप्सूल दिल्या आणि चार दिवसांत तो ठणठणीत होऊन घरी आला. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दोन-तीन आठवड्यांनी गावात बोललं जाऊ लागलं, "त्याचं रक्त पॉझिटिव्ह निघालं." कुणी सांगितलं, कुठे लिहिलं होतं, काही पत्ता नाही. काका दोन वेळा दवाखान्यात जाऊन आले. कागद मिळाला नाही. "पेशंट बरा आहे ना, मग कशाला पाहिजे रिपोर्ट?" असं उत्तर मिळालं. दिवाळीनंतर दादाचं लग्न ठरलेलं होतं. मुलीकडच्यांनी निरोप धाडला की यंदा जमणार नाही. पुढच्या वर्षीही जमलं नाही. तीन वर्षं तो गावात 'प्लेगवाला' होता.

(वहिनी, हे वाचत असाल तर रागावू नका. ती सोयरीक मोडली म्हणून तर तुम्ही आमच्या घरात आलात!)

दादाला त्या वेळी नक्की काय झालं होतं, हे आजही आम्हाला माहीत नाही. प्लेग असेल. साधा फ्लू असेल. मलेरियाही असू शकेल. एका सिरिंजभर रक्ताने त्याला नाव दिलं आणि ते नाव खोडायची संधी कुणी दिली नाही.

*

पुढे मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. त्यामागे दादाचं प्रकरण होतं असं म्हणायला छान वाटेल, पण खरं कारण म्हणजे मार्क कमी पडले होते. तरी पुस्तकात 'प्लेग' हा धडा आला की मी तो इतरांपेक्षा जास्त निरखून वाचायचो. आणि त्यात मला एक मजेशीर योगायोग सापडला.

मामला आणि सुरतेच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ होती. प्लेगचा जंतू शोधायला तिथे दोन माणसं पोचली. एक जपानचे किटासाटो, मोठे नाव, दिमतीला माणसं, रुग्णालयाचे दरवाजे उघडे. दुसरा येर्सिन, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला आणि फ्रान्सच्या पाश्चर संस्थेत घडलेला तरुण. त्याला प्रेतांची तपासणी करायचीही परवानगी मिळेना. शेवटी त्याने प्रेतं पुरायच्या कामावरच्या खलाशांना पैसे चारले आणि मृतांच्या गाठींमधला पू मिळवला.

किटासाटोंनी रक्तही तपासलं होतं. रोग अंगभर पसरतो, म्हणजे जंतू रक्तात असणार, हा विचार काही चुकीचा नव्हता. पण त्यांनी केलेलं जंतूचं वर्णन पुढे बदलत गेलं, आणि त्यांच्या नमुन्यांत न्यूमोनियाचे जंतू मिसळले असावेत असं नंतरच्या बऱ्याच अभ्यासकांचं मत पडलं. येर्सिनने सरळ गाठीत बघितलं, जिथे रोग उठून दिसत होता तिथेच. त्याचं वर्णन टिकलं. आज त्या जंतूचं नाव यर्सिनिया पेस्टिस आहे, ते त्याच्यावरूनच.

म्हणजे रक्त तपासताना गफलत होण्याची गोष्ट जंतूच्या जन्मनोंदीपासूनच सुरू होते!

दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, तोच प्लेग मुंबईत आला. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी रुग्णाला बघून, गाठी बघून रोग ओळखला. प्रयोगशाळेतली खात्री नंतरची. त्या साथीपायी हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी काम सुरू केलं, आणि तीच प्रयोगशाळा पुढे परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

आणि त्याच १८९६ साली तिकडे पॅरिसमध्ये फर्नांड विडाल नावाच्या डॉक्टरने टायफॉइडची रक्ततपासणी जाहीर केली. हो, तीच 'विडाल', जी तुमच्या-आमच्या घरात प्रत्येकाने एकदा तरी करून घेतली आहे.

*

विडालची कल्पना फार सुंदर होती. टायफॉइडचा जंतू रुग्णाच्या रक्तातून वाढवून दाखवणं त्या काळी अतिशय किचकट. मग जंतू शोधायच्या ऐवजी, शरीराने जंतूविरुद्ध काय तयार केलं ते शोधावं. शरीर प्रतिद्रव्यं तयार करतं. रुग्णाच्या रक्तातलं पाणी (म्हणजे सीरम) टायफॉइडच्या जंतूंवर टाकलं आणि जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या, तर ह्या माणसाच्या शरीराची त्या जंतूशी गाठ पडलेली आहे.

शेतात माणूस दिसणं आणि त्याची पावलं दिसणं, एवढा हा फरक आहे. मलेरियात बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब पसरला की सूक्ष्मदर्शकाखाली खुद्द चोर दिसतो. विडालमध्ये पावलं दिसतात. आता पावलं कालची की मागच्या महिन्यातली? आपल्याच चोराची की त्याच्यासारखीच चप्पल घालणाऱ्या दुसऱ्या कोणाची? एका नजरेत हे कळत नाही.

म्हणून पुस्तकात एक नियम आहे. रक्त दोनदा घ्यायचं. एकदा आजाराच्या सुरुवातीला आणि एकदा आठ-पंधरा दिवसांनी. सीरम पातळ करत जायचं, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट, एकशेसाठपट, आणि कुठपर्यंत गुठळ्या होतात ते बघायचं. दुसऱ्या रक्तात हा आकडा पहिल्याच्या चौपट किंवा जास्त झाला असेल तर म्हणायचं की हो, हा आजार आत्ताचा आहे. आकडा जागच्या जागी राहिला, तर पावलं जुनी.

नियम साधा आहे, पण तो पाळला जात नाही. कारण पंधरा दिवसांनी माणूस एकतर बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो. दोन्हीपैकी कुणीच रक्त द्यायला परत येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. पदवीनंतर दोन वर्षं मी एका लहानशा लॅबमध्ये नोकरी केली. तापाचा माणूस यायचा, ताप कालपासून. चिठ्ठीवर 'विडाल' लिहिलेलं. प्रतिद्रव्यं तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी ही तपासणी करण्यात काही अर्थ नाही. तरी मी काचेवर थेंब टाकायचो, गुठळी दिसली की लिहायचो, 'पॉझिटिव्ह, १:८०'. आपल्याकडे पाणी असं की बऱ्याच निरोगी माणसांच्या रक्तातही एवढ्या गुठळ्या सापडतात. तो माणूस घरी जाऊन सांगायचा, "टायफॉइड निघाला." सलाईन, इंजेक्शनं, कामावरून पंधरा दिवस सुट्टी. असे शेकड्यांनी रिपोर्ट माझ्या हस्ताक्षरात आहेत. एकालाही मी म्हणालो नाही, की दहा दिवसांनी परत या. दादाचा भाऊ असून म्हणालो नाही. मालकाने सांगितलं नव्हतं, हे कारण आहे, पण पुरेसं नाही.

*

१९९४ ला देशाच्या पातळीवर नेमकं हेच झालं, असं मला पुढे वाचताना जाणवलं.

प्लेगसाठी तेव्हा वापरली गेली ती तपासणीही विडालच्याच घराण्यातली. प्लेगच्या जंतूच्या वेष्टणातलं एक प्रथिन तांबड्या पेशींवर चढवायचं, त्यात रुग्णाचं सीरम घालायचं आणि पेशींची जाळी बनते का बघायचं. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जागतिक आरोग्य संघटनेला कळवलेला आकडा होता ६९३, म्हणजे तपासणीत प्रतिद्रव्यं सापडलेले संशयित रुग्ण. त्यातले ४८८ एकट्या महाराष्ट्रातले. मृत्यू पन्नासच्या वर, ते मुख्यतः सुरतेकडचे.

पण जगाने विचारलं, जंतू कुठे आहे? वाढवून, वेगळा करून दाखवा. त्याला वेळ लागत गेला. तोवर बऱ्याच रुग्णांच्या पोटात टेट्रासायक्लिन गेलेलं होतं, आणि औषध पोटात गेल्यावर जंतू वाढवणं अवघड. मग तज्ज्ञांत वाद सुरू झाले. कुणी म्हणालं हा मेलिऑयडोसिस नावाचा दुसराच जिवाणू, कुणी म्हणालं हंटा विषाणू. तिकडे विमानं बंद झाली, आपला माल परदेशी बंदरांत अडकला. केंद्र सरकारने डॉ. रामलिंगस्वामी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शंकेवर खरा पडदा पडायला पुढे काही वर्षं गेली. हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९४ च्या साथीतून मिळालेल्या जंतूंची जनुकीय ओळख पटवली आणि २००० साली प्रसिद्ध केली. तो प्लेगचाच जंतू होता.

साथ खरी होती. पण साथ खरी असणं आणि त्या ६९३ जणांमधला प्रत्येक जण प्लेगचा असणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका नमुन्यातली प्रतिद्रव्यं साथीची दिशा दाखवायला उपयोगी पडतात. एका माणसाच्या कपाळावर शिक्का मारायला ती पुरत नाहीत. दादा त्या आकड्यात होता का? माहीत नाही. पण गावाने त्याला त्यात मोजलं होतं.

ह्यातून शिकणारेही शिकले, हे सांगायला हवं. २००२ च्या फेब्रुवारीत हिमाचलमध्ये सिमला जिल्ह्यात फुफ्फुसाच्या प्लेगचे १६ रुग्ण झाले, त्यातले ४ दगावले. ह्या वेळी जंतू वाढवून आणि त्याचं जनुकीय द्रव्य ओळखून निदान लवकर पक्कं झालं. साथ तिथेच आटोपली. देश बंद पडला नाही.

*

आता परत कॅज्युअल्टीत येतो.

तुम्ही म्हणाल, दोनदा रक्त घेणं, आठवडा थांबणं, हे सगळं साथीच्या अभ्यासात ठीक आहे. पण समोर माणूस गार पडत चाललाय, त्याचं काय? बरोबर आहे. म्हणूनच गेली शंभर वर्षं माणसं एकाच गोष्टीच्या मागे आहेत. तासाभरात सांगेल असं रक्त पाहिजे, की हा जंतूंचा संसर्ग आहे का, अँटिबायोटिक द्यायचं का?

सगळ्यात जुनी आणि स्वस्त तपासणी पांढऱ्या पेशींची. "पेशी वाढल्यात" हे वाक्य आपल्याकडे खेडोपाडी माहीत आहे. साधारण ४,००० ते ११,००० हे प्रमाण, जंतुसंसर्गात वाढतं. पण काकूंच्या पेशी त्या रात्री ३,८०० होत्या. वाढलेल्या नाहीत, उलट कमी! म्हाताऱ्या माणसांत, फार मोठ्या संसर्गात, असं होतं. लढाईला गेलेल्या पेशी परत येत नाहीत आणि नव्या तितक्या वेगाने बनत नाहीत. ताप नाही, पेशी वाढल्या नाहीत, म्हणून कुणी आम्हाला घरी पाठवलं असतं तर?

मग सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस ह्या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला, जो न्यूमोनियाच्या जंतूतल्या 'सी' नावाच्या घटकाला चिकटत होता. म्हणून त्याचं नाव सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. आधी वाटलं, वा, न्यूमोनियाची खूण सापडली. मग लक्षात आलं की संधिवातात, जखमेत, ऑपरेशननंतर, शरीरात कुठेही जाळ पेटला की हे यकृतात तयार होतं. शिवाय वाढायलाच सहा-आठ तास घेतं आणि शिखर गाठायला दोन दिवस. कोविडच्या काळात आपण सगळे ह्याचे आकडे तोंडपाठ म्हणत होतो, आणि तो तर विषाणूचा आजार! म्हणजे सीआरपी धूर दाखवतं. आग कशाची ते सांगत नाही.

त्यानंतर प्रोकॅल्सिटोनिन. १९९३ साली, म्हणजे प्लेगच्या आदल्याच वर्षी, फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की गंभीर जंतुसंसर्गात हे रक्तात खूप वाढतं, विषाणूच्या आजारात तितकं वाढत नाही. सीआरपीपेक्षा लवकर, काही तासांतच वाढतं. हे बरंच जवळ पोचलेलं उत्तर. पण मोठं ऑपरेशन, भाजणं, मोठा अपघात ह्यांतही ते वाढतं. आणि अगदी सुरुवातीला कमीही असू शकतं. म्हणून ते कमी आलं तरी आजारी दिसणाऱ्या माणसाचं औषध अडवून ठेवत नाहीत. त्याचा जास्त उपयोग औषध कधी थांबवायचं हे ठरवायला होतो.

आणि लॅक्टेट. ही तपासणी जंतूबद्दल काही बोलतच नाही. शरीराच्या पेशींना पुरेसा रक्तपुरवठा होतोय की नाही, एवढंच सांगते. दोनच्या आत असावं. काकूंचं ४.२ होतं. तो आकडा बघूनच त्या मुलीचा चेहरा बदलला.

ह्या सगळ्या तपासण्या तासाभरात मिळतात. त्यातली एकही एकटी खरं बोलत नाही. प्रत्येकीला तिचा वेगळा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारायला माणूस लागतो.

राहिली ती कल्चरची तपासणी. रक्त खाऊ भरलेल्या बाटलीत ठेवायचं आणि जंतू असेल तर तो वाढायची वाट बघायची. येर्सिनच्या काळापासूनचा मार्ग हाच. यंत्रं आली, बाटलीत वायू वाढला की ती स्वतःच खूण देतात, पण जंतू आपल्या गतीनेच वाढतो. एक दिवस, दोन दिवस. काही वेळा पाच दिवस थांबूनही काही उगवत नाही. आणि इथे खुद्द चोर पकडायचा असला तरी गोंधळ संपत नाही. आपल्या कातडीवर निरुपद्रवी जंतू असतात, सुईबरोबर तेच बाटलीत जाऊ शकतात. म्हणून दोन हात. एकाच बाटलीत कातडीवरचा जंतू आला तर तो बहुधा सुईबरोबर आलेला. दोन्ही हातांत एकच जंतू आला तर तो रक्तातच होता.

विडालला दुसरं रक्त पंधरा दिवसांनी लागत होतं. त्या मुलीने ते पाच मिनिटांत, दुसऱ्या हातातून घेतलं. आणि दोन्ही झाल्याबरोबर, कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता, अँटिबायोटिक सुरू केलं. क्रम महत्त्वाचा. आधी रक्त, कारण औषध गेल्यावर जंतू वाढत नाही. १९९४ ला हेच नडलं होतं. आणि लगेच औषध, कारण वाट बघायला वेळ नसतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं होतं, की संसर्गाने बीपी पडलेल्या रुग्णांमध्ये पहिल्या सहा तासांत औषधाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास घटत गेली.

तेव्हा 'रिपोर्ट येऊ द्या, मग बघू' हे कॅज्युअल्टीत चालत नाही. आणि 'औषध दिलंय ना, मग रिपोर्ट कशाला' हेही चालत नाही. आमच्या काकांना १९९४ ला मिळालेलं उत्तर ह्या दुसऱ्या प्रकारचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमधून फोन आला, बाटल्यांत काहीतरी वाढतंय. तिसऱ्या दिवशी नाव कळलं, ई. कोलाय. लघवीच्या मार्गातून रक्तात गेलेला. दोन्ही हातांत तोच. चौथ्या दिवशी कोणत्या औषधाला तो दाद देतो त्याची यादी आली आणि पहिलं भारी औषध बंद करून साधं सुरू झालं. सहाव्या दिवशी काकूंनी दादाला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "दाढी कर की रे जरा."

सुट्टी मिळायच्या दिवशी दादा त्या डॉक्टर मुलीकडे गेला. मी बरोबर होतो. तो म्हणाला, "मॅडम, तो दोन हातांचा रिपोर्ट आहे ना, त्याची झेरॉक्स मिळेल का?"

"फाईलमध्येच आहे, काका. तुम्हालाच देणार आहोत सगळी फाईल."

"तरी एक वेगळी द्या," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने ती झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, जमिनीच्या कागदांशेजारी ठेवली. बिडकीनला आता डीएमआयसीमुळे जमिनीचे कागद लोक जिवापाड जपतात, तेव्हा ती जागा किती महत्त्वाची ते कळेल. मी विचारलं, "आईचा रिपोर्ट इतका जपून कशाला?"

म्हणाला, "माझा मिळाला नाही ना."

मी काही बोललो नाही. लॅबमधल्या दोन वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली माणसं आठवत होती. त्यातल्या कितींच्या घरात 'टायफॉइड निघाला होता' ही गोष्ट अजून सांगितली जात असेल कुणास ठाऊक.

एवढंच सांगतो. घरात कुणाला ताप आला आणि दुसऱ्याच दिवशी कुणी विडाल करायला सांगितली, तर आपल्या डॉक्टरांना विचारा की आज केली तर काय कळेल, आणि कल्चर करता येईल का? विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, हातपाय गार पडले, तर ताप नाही म्हणून थांबू नका.

काकूंना फोन करा, त्यांना बरं वाटतं. फक्त दुपारी दोन ते चार नको, झोपलेल्या असतात.